पाचव्या मिनिटाच्या आधी

अहो,

'प्रिय' असं लिहून पाहिलं आणि खोडलं. उभ्या संसारात मी तुम्हाला 'अहो' यापलीकडे हाक मारली नाही. आता तुम्ही गेल्यावर नवीन काय सुरू करायचं?

लिहायचं कारण रेवा. सकाळी तिचा फोन आला. तुमचं शेवटचं रिमिक्स तिचं गाण्यांचं लेबल या महिन्यात बाहेर काढतंय. रविवारी किहीमला कुणाच्या तरी नारळाच्या वाडीत त्यांची मंडळी जमणार आहेत, तिथे ते पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाजणार.

"काकू, नाव काय टाकू?" तिने विचारलं. "नेहमीचं 'ओहोटी' टाकू, की काकांचं खरं नाव? मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, ते आमच्या बाईंना विचार. उद्यापर्यंत सांगाल?"

मी "कळवते" म्हटलं आणि फोन ठेवला. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेली बाई मी. लोकांच्या नावांच्या नोंदी दुरुस्त करण्यात निम्मी नोकरी गेली. आणि स्वतःच्या नवऱ्याच्या नावाबद्दल मला "कळवते" म्हणावं लागलं!

अहो, मला लाज वाटते आहे. हा शब्द मी सहसा दुसऱ्यांसाठी वापरते, हे तुम्हाला माहीत आहे. या वेळी तो माझ्यासाठी आहे. आणि हे मी प्रज्ञाला सांगू शकत नाही. आपली मुलगी लगेच म्हणेल, "आई, जाऊ दे गं." मला जाऊ द्यायचं नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मी काय केलं, ते आधी सांगते.

सगळं रीतसर झालं. आपलं बोर्लीचं समाजमंदिर भरलं होतं. त्रिशरण, पंचशील झालं, तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. कारखान्यातले तुमचे दोघे सोबती बोलले. प्रज्ञा बोलायला उठली आणि रडली. मी रडले नाही. मी खुर्च्या पुरतायत का ते बघत होते.

मग रेवा पुढे आली. बेलापूरहून पहाटे निघून आली होती पोर. पांढरा पंजाबी ड्रेस, हातात काळा स्पीकर. "काकू, काकांचं शेवटचं रिमिक्स पूर्ण झालंय. वाजवू? थोडं लांब आहे."

"वाजव," म्हटलं. वाटलं, लांब म्हणजे किती लांब असणार?

आणि ठोका सुरू झाला. धम्, धम्, धम्, धम्. सूर नाही, शब्द नाही, नुसता ठोका. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाचं तरी लहान मूल टाळ्या वाजवायला लागलं. पुढच्या रांगेत तुमचे चुलतभाऊ बाबूदादा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांचा पाय हलत होता. एवढा म्हातारा माणूस, दुखवट्याला आलेला, आणि ठेक्यावर पाय हलवतोय!

तो पाय मी पाहिला आणि उठले.

"बंद कर ते!" तहसील कचेरीत रांग मोडणाऱ्यांवर ओरडायचे तो आवाज. "हे दुःखाचं घर आहे. आणि माझ्या सासऱ्यांनी ढोल खाडीत टाकला, तो पुन्हा समाजमंदिरात वाजवायला नव्हे."

रेवाच्या हाताला बटण सापडेना. शेवटी तिने वायरच ओढली. मी म्हटलं, "पुढचे वक्ते." पुढचे वक्ते म्हणे! तुमच्या फोटोसमोर तुमचंच बोलणं तोडलं आणि पुढच्या वक्त्यांना बोलावलं.

जेवणं झाल्यावर बाबूदादा माझ्यापाशी आले.

"सुमन, वाईच वाजू द्यायचं व्हतंस गो. सुदामचं व्हतं ना ते?"

"दादा, ते बरं दिसत नव्हतं."

"कोनाला? हितं तर समदी आपलीच मानसं हायत." आणि चपला शोधत बाहेर गेले.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? तुमचं बोलणं मी कधी पूर्ण होऊ दिलं? खरं आहे. तुम्ही एखादी गोष्ट सांगायला घेतलीत की आधी तो दिवस कसा होता, मग वारा कुठला होता, मग दिघीच्या फेरीबोटीत कोण भेटलं, असं फिरत फिरत यायचात. आणि मी म्हणायचे, "अहो, मुद्द्यावर या." तुम्ही हसायचात आणि गप्प बसायचात. तुम्ही गप्प बसलात की मला वाटायचं, चला, विषय संपला!

पण माझीही बाजू ऐका. ढोलाचं मी उगीच म्हटलं नाही.

आपल्या वाडीवर ढोल-ताशे-सनईचा खालूबाजा लादलेला होता. गावात पालखी निघो, लग्न असो, बोलावणं आलं की आपल्या माणसांनी ढोल घेऊन जायचं, अंगणाबाहेर उभं राहून वाजवायचं, आणि लांबून जे टाकतील ते उचलायचं. अण्णांनी, तुमच्या वडिलांनी, तरुणपणी तो ढोल वाजवला. धम्म स्वीकारला त्या वर्षी त्यांनी आणि वाडीतल्या इतरांनी ढोल-ताशे नेऊन खाडीत सोडले. हे मला लग्नाच्या आधी तुमच्या घरून कुणी सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी तळा गावी चौकशी केली तेव्हा त्यांना ते कळलं. ते म्हणाले, "सुमे, ढोल टाकणाऱ्याचं घर आहे, तिथे जा." मी त्या गोष्टीशी लग्न केलं म्हणा ना!

आणि आले तर काय? ढोल टाकणाऱ्याचा मुलगा बेंजो पार्टीत ऑर्गन वाजवतोय! हळदीला, वरातीला, लोकांपुढे, नाचणाऱ्यांपुढे. मी सांगितलं, हे बंद. तुम्ही बंद केलंत. एक अक्षर बोलला नाहीत. कारखान्यात यंत्रांची मापं बघणारे फिटर झालात आणि तिथूनच निवृत्त झालात.

मग प्रज्ञाने तुम्हाला लॅपटॉप दिला. मला वाटलं, बातम्या बघतील, पत्ते खेळतील. तुम्ही पडवीत टेबल लावलंत, मोठे काळे हेडफोन कानावर चढवलेत आणि मान हलवत बसायला लागलात. मी विचारलं, हे काय चाललंय? तुम्ही म्हणालात, "रिमिक्स. एक छोटं लेबल आहे, आपली आपण गाणी काढतात. ते एखाद्या गाण्याचे सुटे भाग देतात. ठोका वेगळा, खर्ज वेगळा, आवाज वेगळा. आपण आपल्या पद्धतीने परत जोडायचं. ट्रान्स म्हणतात. थोडं संथ असलं की प्रोग्रेसिव्ह हाऊस."

"लोक काय करतात त्याच्यावर?"

"नाचतात."

"या वयात लोकांना नाचवणार तुम्ही?"

तुम्ही म्हणालात, "मी कुठे जातोय? मी पडवीतच आहे."

त्यांनी तुमचं पहिलं गाणं घेतलं त्या दिवशी तुम्ही बाजारातून सुरमई आणली होती, आठवतंय? जेवताना विचारलंत, "नाव काय लावू?" मी म्हटलं, "काहीही लावा, आपलं लावू नका. जाधवांच्या नावावर नाच नको." तुम्ही "बरं" म्हणालात. कुठलं नाव लावलंत, ते मी विचारलंही नाही.

म्हणून तर रेवा पहिल्यांदा दारात आली तेव्हा ती फजिती झाली. जीन्स घातलेली मुलगी, पाठीवर मोठी सॅक. "ओहोटी इथेच राहतात का?" मला वाटलं, किनाऱ्यावर फिरायला आलेली आहे, काहीतरी विचारतेय. मी म्हटलं, "ओहोटी दुपारनंतर. आणि पाण्यात लांब जाऊ नका." ती बिचारी बघतच राहिली. तेवढ्यात मागून तुम्ही आलात, बनियनवर, हाताला बोंबलांचा वास. "मीच तो," म्हणालात. तिचा चेहरा! तिला वाटलं होतं, पंचविशीतला कुणीतरी मुलगा असणार. ती इतकी हसली की तिला ओटीवर बसावं लागलं. तुम्हीही हसलात. मी चहा टाकायला आत गेले. माझ्या घरात माझ्यावाचून काहीतरी मोठं चाललंय, एवढंच मला त्या वेळी कळलं आणि ते मला आवडलं नाही.

त्यानंतर एकदा तुम्ही मला ऐकवायचा प्रयत्न केलात. एकदाच. हेडफोन माझ्या कानावर ठेवलेत. नुसता ठोका. मी म्हटलं, "सुरू कधी होणार?"

"हे सुरूच आहे. आधीचं गाणं चालू असताना हे त्याच्याखाली हळूच आणायचं असतं ना, म्हणून सुरुवातीला जागा ठेवतात. आलेल्याला आत यायला वेळ द्यायचा."

"आणि मुद्दा?"

"पाचव्या मिनिटाच्या आसपास."

"पाच मिनिटांत मी तीन प्रकरणं निकाली काढते," म्हटलं आणि हेडफोन काढून तुमच्या हातात दिले. तुम्ही वायर गुंडाळायला लागलात. अगदी सावकाश, कापसाची वात वळावी तशी. ती वायर गुंडाळणं आज दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आता दुपारचं सांगते.

पुण्यानुमोदनाहून परत जाताना रेवाने ते रिमिक्स माझ्या फोनवर पाठवलं होतं. खाली एक ओळ: "सॉरी काकू." तिने सॉरी म्हणायचं! मी ते तसंच ठेवलं होतं, उघडलं नव्हतं. आज तिचा फोन झाल्यावर जेवले, भांडी घासली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. मग पडवीत तुमच्या खुर्चीवर जाऊन बसले. हेडफोन मला मोठे होतात. एका हाताने धरून ठेवले.

ठोका आला. मी बसून राहिले. खरं सांगते, दोनदा हात बंद करायला गेला. ठोक्याखाली हळूहळू काहीतरी साचायला लागलं, खाडीत भरती चढते तसं. चढताना दिसत नाही, बघता बघता होड्या तरंगायला लागलेल्या असतात. मग रेवाचा आवाज आला. मूळ गाणं तिचं, हे मला तेव्हा कळलं. शब्द नव्हते, नुसता लांबवलेला स्वर. चांगली गाते हो ती!

आणि मग सगळं थांबलं. ठोका गेला, सूर गेला. मला वाटलं, संपलं.

एक बारीक आवाज सुरू झाला. लाकडावर बोटं. टक, टकटक, मध्ये एक रिकामी जागा, मग तळहाताची जडशी थाप.

अहो, मी ते लगेच ओळखलं. मला शपथेवर विचारा, मी सांगते. अण्णांचा हात! पलंगाच्या कडेवर वाजायचा तो.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणावर होते आणि तुम्ही टेपरेकॉर्डर उशाशी ठेवून त्यांच्या जुन्या गोष्टी भरून घ्यायचात. मला वाटायचं, गोष्टीच भरताय. हातही भरून घेतलात, हे मला कधी सांगितलंत का? की सांगायला निघाला होतात आणि मी मुद्द्यावर या म्हटलं?

तो हात मी घरात कितीदा ऐकला होता. स्वयंपाकघरातून ऐकू यायचा. मी खोलीत पाऊल टाकलं की थांबायचा. दर वेळी. अण्णा हात पांघरुणाखाली घ्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. शिकलेली सून आली म्हणून! मला तेव्हा ते बरं वाटायचं. सुनेचा मान ठेवतात, असं वाटायचं. ज्या माणसाने उभ्या गावाच्या बोलावण्याला नाही म्हटलं, त्याला माझ्या पावलांची चोरी वाटत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आज ती बोटं कानात वाजत होती आणि मला माहीत होतं पुढे काय होणार. झालंच. दूरवरून, दार लोटल्याचा आवाज. मग एका बाईचा आवाज, खणखणीत, घाईतला: "अण्णा, गोळी घेतलीत का?"

माझा आवाज. किती कडक आहे हो! लोक कसे ऐकून घेत असतील?

मी डोळे मिटले. आता हात थांबणार. टेपवर थांबलाच असणार, तो थांबायचाच.

तो थांबला नाही!

तुम्ही थांबू दिला नाहीत. तेवढाच तुकडा पुन्हा, पुन्हा, पुन्हा फिरवत नेलात. माझा आवाज मागे पडला, विरला, आणि हात चालू. मग खालून तोच ठोका परत आला, समाजमंदिरात मी बंद केलेला. आता मला कळलं की तो सुरुवातीपासून अण्णांच्या हाताला जागा करून देत होता. दोघं मिळून चालले. सूर आले, रेवा आली. किती वेळ चाललं, मी पाहिलं नाही. माझा पाय हलत होता, हे मला सगळं संपल्यावर कळलं.

अहो, तुम्ही मला त्यात ठेवलंत कशाला? काढून टाकता आलं असतं. सुटे भाग करून जोडणं हेच तर तुमचं काम. एवढी बोच होती का? की तुम्हाला दाखवायचं होतं, ही आली तरी आता हात थांबत नाही, ही येऊ दे, बसू दे? तुम्ही असतात तर मी विचारलं असतं, आणि तुम्ही आधी वाऱ्याचं सांगितलं असतं, आणि मी… मी थांबले असते. आज थांबले असते.

मागे एकदा तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "अण्णांनी ढोल टाकला तो दुसऱ्याच्या बोलावण्यावर वाजवायचा नाही म्हणून." मी फाइल बघत होते. "मग?" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मग काही नाही."

तेवढ्यानेही मला कळायला हवं होतं. ढोल टाकला याचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला, पण अण्णांच्या घरात त्यांचा हात मी दर वेळी थांबवला, तुमचा ऑर्गन मी थांबवला, आणि समाजमंदिरात तर दोघांनाही एकदमच. तेही आपल्या माणसांसमोर. गावातल्या कुणा पाटलाने सांगितलं असतं तर आम्ही सगळे भांडायला उठलो असतो. सांगणारी मी होते म्हणून सगळे गप्प बसले.

रडले म्हणून सांगत नाही. रडले, पण ते सांगण्यासारखं नाही. तुम्ही तिकडे हसाल, ही बाई आता भांडी घासायला जाईल. गेलेही.

मग रेवाला फोन लावला.

"रेवा, नाव लिहून घे. ओहोटी नको. सुदाम राघो जाधव. राघो गाळू नकोस."

"पूर्ण नाव, काकू? म्हणजे… डान्स ट्रॅकवर असं कुणी लिहीत नाही."

"आपण लिहू. राघो हे त्यांच्या वडिलांचं नाव. मध्ये जो हात वाजतो ना, तो त्यांचा."

ती हळूच म्हणाली, "काका म्हणाले होते, तो हात कुणाचा ते एकच माणूस ओळखेल. मी विचारलं, कोण? तर म्हणाले, ओळखलं तर ती स्वतःच सांगेल तुला."

बघा! तिला सांगितलंत आणि मला नाही. नाही, हे मी रागाने म्हणत नाही. तुम्ही माझ्यासाठी सुरुवातीला जागा ठेवली होती, मीच आत आले नाही.

"आणि रेवा, बाईचा आवाज आहे ना त्यात, तो तसाच राहू दे. हळू करू नकोस."

"काकू, तो तुमचा आहे?"

"हो. गोळी विचारतेय." ती हसली. त्या दिवशी ओटीवर बसून हसली होती तशी. मला बरं वाटलं.

किहीमला मी जाणार आहे. पण किहीमला मला कोण ओळखतं? तिथे जाऊन मान हलवणं सोपं. ज्यांच्यासमोर वायर ओढायला लावली त्यांच्यासमोर काय? म्हणून तिला सांगितलं, शनिवारी स्पीकर घेऊन आधी बोर्लीला ये. समाजमंदिर मी मागितलं आहे. बाबूदादांच्या घरी जाऊन आले.

"शनवारी या," म्हटलं. "सुदामचं आहे. या वेळी पूर्ण वाजेल."

ते म्हणाले, "तू बंद न्हाय ना करनार?"

"नाही, दादा."

"सभेचं अध्यक्ष कोन?"

"कुणी नाही."

"मंग येतंय," म्हणाले. "पाय हालला तर चालंल ना मॅडम?"

मॅडम म्हणाले! मी ऐकून घेतलं. माझंच होतं ते.

तर अहो, शनिवारी मी उभी राहीन आणि आधी सांगेन की त्या दिवशी माझं चुकलं. अण्णांच्या हाताबद्दल सांगेन, माझी पावलं ऐकून तो थांबायचा तेही सांगेन. मला दरदरून घाम फुटणार आहे, आत्ताच फुटलाय. मग बटण मी स्वतः दाबेन आणि खाली बसेन. ठोका चालू असताना उठणार नाही, खुर्च्या मोजणार नाही, कुणाला चहाचं सांगणार नाही. माझा आवाज येईल तेव्हा लोक माझ्याकडे बघतील. बघू देत. हात पुढे चालू राहील तोवर मी बसून राहीन, आणि तो संपल्यावरही थोडी बसेन.

नोकरीत हजारो कागदांवर सही केली. प्रत्येक सहीच्या मध्यभागी तुमचं नाव होतं, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. तुमच्या गाण्यावर तेवढं मी येऊ दिलं नाही. ते आता येईल. तुमचंही, अण्णांचंही.

आज ही सही सावकाश करते आहे.

सुमन सुदाम जाधव